म्हशीसाठी भरलेली तातडीची सभा

तेव्हा मी तरुण होते. म्हणजे बासष्ट वर्षांची. हसू नका. आज मागे वळून बघते तेव्हा ती बाई मला पोरसवदाच वाटते. गुडघे शाबूत होते, आवाज खणखणीत होता आणि अक्कल यायची होती.

या बाईने पन्नाशीला एलएल.बी. केलं होतं. मुलं मोठी झाली, सासूबाई गेल्या, दुपारची झोप येईनाशी झाली, म्हणून संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तर सगळी पोरं ‘गुड इव्हनिंग मॅडम’ म्हणून उभी राहिली. मीही पाच मिनिटं टेबलाजवळ उभं राहून घेतलं. मग खरे मास्तर आले. पास झाल्यावर काळा कोट शिवून घेतला, त्यात फोटो काढला आणि कोट डांबराच्या गोळ्या घालून कपाटात ठेवला. कोर्टाची पायरी चढले नाही ती नाहीच. घरातच खटले चालायचे. माझा एकुलता एक अशील म्हणजे आमचे हे, आणि आरोपीही तेच.

पण शिकलेला कायदा पोटात किती दिवस राहणार? तो बाहेर पडायचाच. भाजीवाल्याला मी वजनमापांचा कायदा ऐकवत असे, बँकेतल्या मुलीला ग्राहकांचे हक्क. लोक मला बघून रस्ता बदलायचे. मला वाटायचं, आदराने बदलतात.

झाशीच्या ओरछा गेटच्या आतली आमची गल्ली उताराची आहे. वरच्या टोकाला आमच्या मराठी मंडळाचं सभागृह, मधे आमचं घर, आणि अगदी खाली, नाल्याला पाठ लावून, अम्माची खोली. एक खोली, एक छपरी आणि एक म्हैस. अम्मा ऐंशीच्या घरातली, एकटी. मुलगा सुरतेला. ‘भैंस बोलत नइयाँ, पै सुन लेत,’ असं अम्मा आपल्या बुंदेलीत म्हणायची. मुलगा बोलायचाही नाही आणि ऐकायचाही नाही. आमच्याकडे दूध तिच्याकडूनच यायचं. मी स्वतः किटली घेऊन जायची, कारण जाता-येता दोन माणसांना कायदा सांगता यायचा.

एकदा मला दिसलं की म्हशीचं दावं फार आखूड आहे. झालं. किटली खाली ठेवून मी सुरू झाले.

“अम्मा, कानून में लिखा है. जानवर को इतनी छोटी रस्सी से बाँधकर रखना जुर्म है.”

अम्माने दाव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला ती बिन्नू म्हणायची, म्हणजे लेकी. “काय बिन्नू, रस्सी लम्बी कर दें तो जा तुमाए घर लौं पोंच जैहै. बैठक में बिठा लैहौ?”

“वो अलग बात है.”

“हओ. कानून तुमाओ, गोबर हमाओ.”

पण अम्मा मनाची सरळ. दुसऱ्या दिवशी दावं खरंच लांब झालेलं होतं, आणि म्हशीने आमच्या ओट्यावरची शेवंती मुळासकट खाल्लेली होती. तक्रार कोणत्या तोंडाने करणार? हे पेपर वाचता वाचता म्हणाले, “अपील कर.”

त्या वर्षी भाद्रपदात पाऊस आला. झाशीत पाऊस म्हणजे एरवी पाहुणा. येतो, चहा पितो, जातो. त्या वर्षी तो घरजावई होऊन बसला. गणपती तोंडावर आलेले. सभागृहात मखर उभं राहिलेलं, फरशी घासून लख्ख केलेली, बायकांची ‘गौरी कोणत्या कोपऱ्यात’ ही दरवर्षीची लढाई जुंपलेली. आणि एका सकाळी नाला भिंत ओलांडून गल्लीत आला. आधी अम्माच्या छपरीत, मग तिच्या शेजारच्या दोन घरांत. दहा वाजेपर्यंत खालच्या टोकाला गुडघ्याएवढं पाणी होतं आणि ते चढत होतं.

गल्लीच्या तोंडाशी सरकारी ट्रॅक्टर-ट्रॉली लागली. भोंग्यातून आवाज येऊ लागला, “नीचे वाले लोग स्कूल में चलें. सिर्फ जरूरी सामान. जानवर नहीं, जानवर नहीं.” खालची माणसं बोचकी घेऊन ट्रॉलीत चढली. अम्मा चढली नाही. ती छपरीत बाजेवर पाय वर घेऊन बसली, हातात म्हशीचं दावं. म्हैस गाभण, दिवस भरलेले.

हे खाली जाऊन बघून आले आणि म्हणाले, “म्हातारी हलत नाही. आणि तिची मागची भिंत फुगली आहे गं. नाल्याकडची. ती काही संध्याकाळ बघणार नाही.”

मग मात्र मला धीर निघेना. भिंत पडणार ती अम्मावर आणि म्हशीवर. दोघी एकाच छपराखाली, आणि एक निघाल्याशिवाय दुसरी निघणार नाही. एवढी साधी गोष्ट. कोणीही शहाणी बाई तडक खाली धावली असती. मी आधी कपाटाकडे धावले.

होय, कोट घातला. नऊवारी नव्हे, पाचवारीच, पण तीही खोचून, वर काळा कोट, पायात ह्यांच्या रबरी चपला. डांबराच्या गोळ्यांचा असा भपकारा सुटला की ह्यांना शिंक आली.

“अगं, पूर आलाय, हायकोर्ट नाही.”

“तुम्हाला काय कळतंय? कोटाचा परिणाम होतो माणसावर.”

परिणाम झाला. ट्रॉलीजवळ स्वच्छ इस्त्रीचं जाकीट घातलेला एक रुबाबदार गृहस्थ उभा होता. मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि आयुष्यातलं पहिलं युक्तिवादाचं भाषण केलं. म्हटलं, ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्याने त्याची काळजी घ्यायची हे कायद्याने कर्तव्य आहे. जनावराला उपाशी, तहानलेलं टाकून जाणं गुन्हा आहे. अम्मा त्या म्हशीला बांधून ट्रॉलीत चढली असती तर ती गुन्हेगार ठरली असती. मग तिला हा गुन्हा करायला सांगणारे तुम्ही कोण? आवाज इतका चढला की खिडक्यांतून डोकी बाहेर आली.

गृहस्थाने सगळं हात जोडून ऐकलं. “माताजी, बात तो बहुत बढ़िया कही. पर मैं तो ट्रैक्टर चलाता हूँ. साहब वो रहे.”

साहेब, म्हणजे तरणाबांड नायब तहसीलदार, पंधरा पावलांवर चिखलात घसरून बसले होते आणि उठायचा प्रयत्न करत होते. ह्यांनी त्यांना हात दिला. मी तेच भाषण पुन्हा सुरू केलं, पण दुसऱ्या खेपेला तितकी रंगत येत नाही. मधेच खोकला आला.

साहेबांनी चेहऱ्यावरचा चिखल पुसला. “माताजी, आप बिल्कुल ठीक कह रही हैं.”

मी पुढचं कलम काढायच्या तयारीत होते.

“हमारी जिले की योजना में भी यही है,” साहेब म्हणाले. “बाढ़ में लोग निकलें तो जानवर भी निकलें. उनकी जगह अलग, चारा, पानी, डॉक्टर. सब लिखा है. जगह मंडी के उस पार वाला मैदान है.” त्यांनी बोट दाखवलं. मंडीकडचा रस्ता तपकिरी पाण्याखाली होता, आणि त्यातून कोणाचं तरी प्लास्टिकचं टेबल डौलात वाहत चाललं होतं. “स्कूल में आदमी ही ठसाठस हैं, बच्चों के बीच भैंस कहाँ बाँधूँ? कानून मुझे भी याद है. आप सूखी जगह बता दीजिए.”

समोरचा वकील आपल्याच बाजूचा निघाला तर काय करायचं, हे आम्हाला वर्गात शिकवलं नव्हतं.

“हॉल!” हे एकदम म्हणाले.

खरंच की. मंडळाचं सभागृह! गल्लीच्या सगळ्यात उंच जागी, कमरेइतकं जोतं, मागे पत्र्याखालचा लांब ओटा, हापसा, आणि गुडघे दुखणाऱ्या सभासदांसाठी दोन वर्षांपूर्वी बांधलेला उतार. म्हशीला पायऱ्या नकोतच. साहेब म्हणाले, “मैं ऊपर बात करता हूँ,” आणि फोन कानाला लावून आडोशाला गेले. मी कोट सावरत गल्ली चढले.

आमचे अध्यक्ष सभागृहाला लागूनच राहतात. सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर, मूळचे साताऱ्याकडचे. आम्ही इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले मराठी लोक. माझं माहेर गुरसरायचं, तिथे तर मराठी आणि बुंदेली एका ताटात जेवतात. आमच्या तोंडून ‘लेकिन’, ‘बिल्कुल’ गेलं की अध्यक्षांच्या कपाळाला आठी पडते. पण माणूस नियमाचा पक्का. किल्ल्या त्यांच्या जानव्याला असतात.

“अध्यक्ष, हॉल उघडा. म्हैस येतेय.”

“नियम अकरा,” ते म्हणाले.

“कसला अकरा?”

“वहिनी, तुम्हीच लिहिलेला.” आणि छत्री धरून, दारात उभे राहून त्यांनी तो म्हणून दाखवला. “‘सभागृहात, आवारात अथवा ओट्यावर, कोणताही प्राणी, कोणत्याही कारणास्तव, आणता येणार नाही, आणि या नियमात सर्वसाधारण सभेच्या दोन-तृतीयांश बहुमताशिवाय बदल करता येणार नाही.’”

माझे स्वल्पविराम सुद्धा त्यांना पाठ होते. नियम मीच लिहिला होता, नवीन नवीन पास झाले होते तेव्हा. अध्यक्षांच्या मेव्हणीच्या कुत्र्याने नैवेद्याचे मोदक खाल्ले होते, त्याचा तो सूड. ‘कोणत्याही कारणास्तव’ या शब्दांवर तर मी तेव्हा एक आठवडा खूश होते. घरी सगळ्यांना वाचून दाखवले होते.

“मग बदला तो नियम!”

“बदलतो की. सभा घ्या.”

आणि आता ऐका. खाली अम्मा बाजेवर, पाणी बाजेच्या सुतळीला टेकलेलं, भिंत फुगलेली, आणि वर आम्ही शिकलेसवरलेले मराठी लोक सभा घ्यायला जमलो. पूर असल्यामुळे कोणी कामावर गेलं नव्हतं, तेव्हा उपस्थिती उत्तम. गणसंख्या पहिल्या फटक्यात पूर्ण झाली. गेल्या तीन वर्षांत असं झालं नव्हतं. छत्र्या घेऊन सगळे पायऱ्यांवर उभे राहिले. सगळ्यात आधी सभेला अध्यक्ष निवडावा लागला, कारण अध्यक्ष म्हणाले, मी किल्लीधारक म्हणून पक्षकार आहे. खजिनदारांचं नाव सुचवलं गेलं, अनुमोदन मिळालं, टाळ्या झाल्या. छत्रीत टाळ्या वाजवणं सोपं नाही.

मंडळाची पूजा सांगणारे गुरुजी म्हणाले, “माझा विरोध नाही. पण चार दिवसांवर गणपती. आणि म्हैस म्हणजे यमाचं वाहन.”

“यमाचा रेडा,” कोणीतरी बाई मागून म्हणाली. “ही म्हैस आहे. आणि पोटुशी आहे.”

“आणि गुरुजी,” हे म्हणाले, “उंदीर मखरात चालतो तर म्हैस ओट्यावर का चालू नये? वाहनाला पार्किंग लागतंच.”

खजिनदार म्हणाले, विषयावर बोला. तरुण मुलांपैकी एकाने हिंदीत विचारलं, “अंकल, वोट कब होगा?” त्यावर अध्यक्षांनी त्याला मराठीत बोलायची विनंती केली. मुलगा विचार करून करून म्हणाला, “मत... कधी... पडणार?” पुन्हा टाळ्या.

एवढ्यात उपसमिती नेमायची सूचना आली. म्हशीच्या व्यवस्थेसाठी तीन जणांची. त्यात महिला प्रतिनिधी असावी की नसावी यावर दोन मतं पडली. आणि तेव्हा, सांगताना मला आजही घाम फुटतो, माझ्यातली वकिलीण जागी झाली. मी हात वर केला.

“हरकतीचा मुद्दा आहे. नियम बदलायचा तर सात दिवसांची नोटीस लागते. ती दिलेली नाही. सभा बेकायदेशीर आहे.”

सगळ्या छत्र्या माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, किती बारकाईने बोलले!

हे माझ्या कानाशी आले. “अगं, सात दिवसांनी म्हैस कशाला आणायची, तोपर्यंत मगरच येईल चालत.”

ती बासष्ट वर्षांची पोरगी मला आज भेटली ना, तर तिचा तो कोट काढून घेऊन मी तिच्या पाठीत एक धपाटा घालीन. आणि मग हसून हसून तिला चहा पाजीन.

तेवढ्यात साहेब गल्ली चढून आले. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेले, चपला हातात.

“यहाँ क्या हो रहा है?”

“सभा. मीटिंग,” खजिनदार म्हणाले.

“किस बात की?”

“भैंस को आने दें या नहीं.”

साहेबांनी सगळ्यांकडे पाहिलं. छत्र्यांकडे, किल्ल्यांकडे, माझ्या कोटाकडे. चेहरा अगदी सभ्य ठेवला. “अच्छा. तो मीटिंग चलने दीजिए, उसमें कोई हर्ज नहीं. जिले से मंजूरी आ गई है. आपदा में सरकार जरूरत की जगह कुछ दिन के लिए अपने हाथ में ले सकती है. यह भवन ले लिया. चाबी किसके पास है?”

असं एक कलम आहे. आपत्तीच्या कायद्यात आहे. पास झाल्यावर हौसेने आणलेलं ते पुस्तक माझ्या कपाटात होतं, कोटाच्याच खाली. घरी जाऊन बघितलं, तर त्या भागाची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती.

मला वाटलं, अध्यक्ष आता भांडणार. पण त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की काय सांगू. “म्हणजे, आपण नियम अकरा मोडला नाही?”

“नाही,” मी म्हटलं.

“बदललाही नाही?”

“नाही.”

“जागाच आपली नाही सध्या! सरकारची आहे!” त्यांनी जानव्यावरून किल्ल्या सोडल्या आणि साहेबांच्या ओल्या हातावर ठेवल्या. “मग आणा म्हैस. दोन आणा!”

अम्माला आणायला मी, हे आणि साहेब उतरलो. पाणी आता कमरेला लागत होतं. माझा कोट पाण्यावर फुगून चारी बाजूंनी पसरला. मी चालतेय की तरंगतेय तेच कळेना. छपरीत बाज पाण्यात, बाजेवर अम्मा, आणि म्हैस पोटापर्यंत पाण्यात शांत उभी. तिला पाण्याचं काय? फुगलेली भिंत तिच्या शेपटीपासून दोन हातांवर होती.

“अम्मा, चलो. भैंस के लिए जगह मिल गई.”

“झूठी कै रईं.”

“कसम से.”

“कितै?”

“हमारे हॉल में. गणेशजी वाले.”

अम्माने दावं हाताभोवती आणखी एकदा गुंडाळलं. “उतै तो कुत्ता लौं नईं जान देत.”

“अब देत,” मी म्हटलं. बुंदेली मला गुरसरायपासून येते, पण त्या दिवशी पहिल्यांदा मी ती कोटात बोलले.

अम्मा बाजेवरून उतरली. ह्यांनी एका बाजूने धरलं, साहेबांनी दुसऱ्या. दावं सोडलं, तशी म्हैस न सांगता अम्माच्या मागे निघाली. चिखलात पाय सरकू लागले तेव्हा मी आधारासाठी जे हाताला आलं ते धरलं. ती शेपटी होती. म्हशीने मान वळवून पाहिलं, माझी ओळख पटली असावी, आणि तिने मला तसंच ओढत गल्लीभर नेलं. पुढे साहेब आणि आमचे हे, त्यांच्या मधे अम्मा, मग म्हैस, आणि शेवटी शेपटीला वकिलीण. खिडक्यांतून लोक टाळ्या वाजवत होते. माझी वरात निघाली तेव्हाही इतकी माणसं नव्हती.

सभागृहाच्या उतारावर म्हैस थबकली. दारात अध्यक्ष दोन्ही हात पसरून स्वागताला उभे. तिने त्यांच्या पांढऱ्या झब्ब्यावर भरपूर फुरफुरून पाणी उडवलं आणि वर चढली. सभासद दोन्ही बाजूंना सरले. गुरुजींनी नकळत नमस्कार केला.

मागच्या ओट्यावर तिला बांधलं. साहेबांनी खांबापाशी उभं राहून एकेक सांगितलं. दावं लांब ठेवा, बसता-उठता आलं पाहिजे. पाणी माणसांनी वापरलेलं नको, ताजं. चारा गाडीने येईल. आजारी जनावर वेगळं. डॉक्टर उद्या येतील. मी तोंड मिटून ऐकलं. हे म्हणाले, “बरी आहेस ना?”

दुपारी बायकांनी मोठ्या पातेल्यात चहा टाकला. अम्मा भिंतीला टेकून पहिला घोट घेत होती तेव्हा खालून आवाज आला. मोठा नाही, दडपून टाकल्यासारखा, पोत्यावर पोतं पडावं तसा. खिडकीशी उभा असलेला मुलगा म्हणाला, “भिंत गई. छप्पर भी.”

अम्माने कप खाली ठेवला. “गओ,” ती म्हणाली. मग उठली, ओट्यावर गेली आणि म्हशीच्या गळ्यातलं दावं घट्ट तर नाही ना, हे दोन बोटं घालून बघून आली. परत येऊन तिने उरलेला चहा प्यायला.

आमच्या खजिनदारांनी डोळे पुसले आणि म्हणाले, पाऊस फार आहे.

म्हैस आली हे कळल्यावर मग रांगच लागली. स्कूलमध्ये गेलेल्या लोकांच्या शेळ्या आल्या. एका पिंजऱ्यात पोपट आला. तो दर पाच मिनिटांनी ‘चाय लाओ’ म्हणायचा आणि आमचे दोन सभासद खरंच उठायचे. टहरौली गावाहून बहिणीकडे आलेला एक मनुष्य दोन बैल घेऊन आला. तो म्हणे, बैलांच्या मेळ्याला चालला होता. अध्यक्षांची मेव्हणी कुत्रा घेऊन आली आणि माझ्याकडे अशा नजरेने बघत आत शिरली की मी मखरामागे लपले. गौरींचा कोपरा ठरवायचं भांडण आपोआप मिटलं. ज्या कोपऱ्यात शेळ्या नव्हत्या तो गौरींचा.

दुसऱ्या दिवशी उजाडताना अम्माच्या हाकेने सगळे जागे झालो. “बिन्नू! ओ बिन्नू! पड़िया भई है!”

ओट्यावर पारडी उभी राहायचा प्रयत्न करत होती. चारी पाय चार दिशांना. म्हैस तिला चाटत होती. सतरंजीवरून उठलेले आमचे सभासद, कोणी लुंगीत, कोणी मफलर कानाला गुंडाळून, गोलाकार उभे. पारडी पडली की सगळे ‘अरेरे’ म्हणायचे, उभी राहिली की ‘शाब्बास’. अध्यक्ष इंजिनियर असल्यामुळे तिला पाय कसे ठेवायचे ते सांगत होते. शेवटी ती आपल्या आपण आचळाशी पोचली.

डॉक्टर आले, म्हशीच्या पाठीवर हात फिरवून म्हणाले, “बढ़िया. पहला दूध बच्चे को पूरा पिलाना.” पारडी पोटभर प्यायली. तरी चीक उरला. भरपूर उरला. अम्माने पितळी गंज भरला आणि बाहेर आणला.

चीक म्हटल्यावर आमच्या मंडळात काय होतं ते कोणा बाहेरच्याला कळायचं नाही. आदल्या दिवशी यमाचं वाहन काढणारे गुरुजी म्हणाले, “वेलची आहे का?” खजिनदार घरी जाऊन जायफळ घेऊन आले. दुधात गूळ मिसळून, ताटल्यांत ओतून, मोदकांच्याच पात्रात आम्ही खरवस उकडला. गणपतीआधी मोदकपात्र असं वापरायचं का, हा प्रश्न कोणाच्याही मनात आला असेल तर तोंडावर आला नाही. तोंडं भरलेली होती.

साहेब चाऱ्याची गाडी घेऊन आले तेव्हा त्यांच्याही हातात वाटी दिली. ते कानपूरकडचे, त्यांनी असलं काही कधी खाल्लं नव्हतं. एक घास घेतला, वाटी बघितली, दुसरा घास घेतला आणि विचारलं, “ये रोज बनता है?”

“भैंस रोज ब्याएगी तो,” हे म्हणाले.

अध्यक्ष दुसऱ्यांदा वाटी घेऊन अम्मासमोर उभे राहिले. आठ्या नाहीत, शुद्ध मराठी नाही, साताऱ्याच्या जिभेने जमेल तशी बुंदेली. “अम्मा, तनक और दइयो.” आणि वाटी भरून घेता घेता त्यांनी सांगून टाकलं की सभागृहाच्या मागची सामानाची खोली रिकामी करतोय. अम्माची खोली पुन्हा उभी राहीपर्यंत ती तिची. सभेत ठराव घ्यायचं कोणी नाव काढलं नाही.

अम्मा ऐकत होती. तिने खाली बसून स्वतःसाठी एक छोटी फोड घेतली, चव बघितली, डोळे मिटून विचार केला. सगळे तिच्याकडे बघत थांबलो.

“मीठो तनक कम है, बिन्नू.”

मी गूळ आणायला उठले.